पंचाच्या पोटातला गोळा

दुकानाच्या पार्किंगमध्ये तो माणूस माझ्या मागून चालत आला, तेव्हा तारिणी ट्रॉलीत बसून केळं खात होती. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. डोक्यावर आमच्याच शहराच्या संघाची लोकरी टोपी. मला वाटलं, माझं काहीतरी पडलं असेल, ते द्यायला आलाय.

"तुम्ही शेळकेंच्या मिसेस ना?" त्याने इंग्रजीत, अगदी अदबीने विचारलं.

मी हो म्हटलं.

"त्यांना सांगा, कॉल्टन काही त्यांचं बाळ नाही." मग त्याने तारिणीच्या बुटाची सुटलेली नाडी दोन बोटांत धरली. "त्यांचं बाळ हे आहे. हो ना?" नाडी सोडली आणि शांतपणे निघून गेला.

गाडीत बसल्यावर मला किल्लीचं बटण सापडेना. तारिणी मागून म्हणाली, "आई, काका गेले?" तिला ते काका वाटले, याचीच मला जास्त भीती वाटली.

माझा नवरा इंद्रजीत आठवडाभर ओहायोतल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये मुख्य पंच असतो. तिथल्या बऱ्याच पंचांना असा दुसरा पोटापाण्याचा उद्योग असतो. मुख्य पंचाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि खिशात पिवळा रुमाल. कुणी नियम मोडला की रुमाल हवेत फेकायचा. त्याची जागा ठरलेली: क्वार्टरबॅकच्या मागे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. चेंडू हातातून सुटल्यावर त्याला धडक दिली, किंवा डोक्यावर दिली, तर दंड. ते ठरवायचं पांढऱ्या टोपीने, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आणि जेरेड कॉल्टन हा त्या वर्षीचा देव होता. दुधाच्या डब्यावर त्याचा चेहरा, विम्याच्या जाहिरातीत त्याचा चेहरा. लोक म्हणायचे, कॉल्टनला वारा लागला तरी रुमाल पडतो. दुसऱ्या कुणाची बरगडी मोडली तरी पंच नाक खाजवत उभे. पार्किंगमधल्या त्या भेटीच्या आदल्या रविवारी आमच्या शहराचा संघ इंद्रजीतच्या अशाच एका रुमालामुळे कॉल्टनच्या संघाकडून हरला होता.

"खोटं बोलतात का लोक?" माझ्या सासूबाईंनी त्याला जेवताना विचारलं. त्या कागलच्या, चाळीस वर्षं अमेरिकेत राहूनही जिभेला कागलच. "त्या गोऱ्या पोराकडं बघताना तुझं तोंड बघितलंय मी टीव्हीवर. तारू जिन्याजवळ गेली की जसं होतंय, तसंच होतंय."

"आई, मी पैसे खात नाही."

"पैशाचं कोण बोललं रं? जीव खातोय म्हणते मी. त्याच्यात जीव अडकलाय तुझा."

इंद्रजीत चिडून उठला. पण मी पार्किंगमधली गोष्ट सांगितली तेव्हा तो परत खाली बसला. ताटातला भात तसाच राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याने लीगला फोन केला, की पंचांचा पक्षपात घालवायला तुमचा जो टोपीचा प्रयोग चालू आहे, त्यात मला घ्या.

टोपी डॉक्टर फेल्ड यांची; दिसायला पंचाची नेहमीची पांढरी, आत यंत्र. ठेंगण्या, हसऱ्या बाई. बोलताना हातातल्या पेन्सिलीने स्वतःचंच डोकं ठोकायच्या. त्यांनी पंचांच्या मेंदूचे आलेख काढले होते. मला त्यांनी ते मी शाळेतली मुलगी असल्यासारखं समजावलं आणि मला ते आवडलं.

"चेहरा ओळखणारी एक जागा असते, इथे, कानाच्या मागे खालच्या अंगाला. भीतीची एक जागा असते, बदामाएवढी, खोल आत. दोन्हींच्या मध्ये पायवाट. परका चेहरा दिसला तर त्या वाटेने फारसं कुणी जात नाही. पण रोज दिसणारा, जिवाचा झालेला चेहरा धोक्यात दिसला, की त्या वाटेने धावत निरोप जातो. माणसाला कळायच्या आधी हात हलतो. तुमच्या मिस्टरांचा हात कॉल्टनच्या वेळी धडक पुरी व्हायच्या आधीच खिशाकडे निघालेला असतो. हा भ्रष्टाचार नाही हो. ही भीती आहे. तुम्हा आयांना असते ना, तीच."

"मग टोपी काय करते?"

"ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या पायवाटेवर सोडते. एखाद्या चेहऱ्याला बघून आत उसळी आली की टोपी ती तिथल्या तिथे दाबते. त्याच चेहऱ्यासाठी पुन्हा पुन्हा दाबली, की वाटेवर गवत उगवतं. चेहरा ओळखू येतो, नाव आठवतं, सगळं आठवतं. फक्त पोटात गोळा येत नाही."

"आणि टोपी काढली की?"

"हळूहळू गवत तुडवलं जातं परत. महिना-दीड महिना. खेळाडूंच्या चेहऱ्यांवर तपासलंय आम्ही."

मला फार हलकं वाटलं. घरी येताना मी इंद्रजीतला म्हटलं, "बघ, तू लबाड नाहीस. घाबरट आहेस."

"लबाड परवडला," तो म्हणाला आणि आम्ही दोघं किती तरी दिवसांनी हसलो.

टोपीने कमाल केली. ऑक्टोबरपासून इंद्रजीतचा रुमाल जिथे पडायला हवा तिथेच पडू लागला. कॉल्टन आपटला, कण्हला, हात पसरून दाद मागितली. इंद्रजीत स्थिर उभा. एका नवख्या, कुणाला नावही माहीत नसलेल्या क्वार्टरबॅकच्या मानेवर कुणाचं कोपर बसलं, रुमाल हवेत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, शेवटी एक डोळस पंच मिळाला. दुकानात लोक मला हसून वाट देऊ लागले. पार्किंगमधला तो माणूस एकदा दिसला आणि त्याने चक्क टोपी उचलली.

पंचांना दर आठवड्याला आपल्या निर्णयांचे व्हिडिओ बघावे लागतात. कुठे चुकलं, कुठे बरोबर, वरिष्ठ खुणा करून पाठवतात. टोपीचा सरावही त्याच वेळी. बुधवारी संध्याकाळी इंद्रजीत टोपी घालून सोफ्यावर बसायचा, आणि बाबा बसला म्हणजे मांडी मोकळी आहे, असा तारिणीचा कायदा. ती चुरमुऱ्यांची वाटी घेऊन चढायची.

"बाबा, हा पडला?"

"पडला."

"बाऊ झाला?"

"नाही झाला."

नुसतं उत्तर तिला पुरायचं नाही. ती त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची, डोळ्यांत बघून खात्री करायची, मगच पुढचा पडणारा माणूस. मी स्वयंपाकघरातून बघायचे. डॉक्टरांच्या कागदात लिहिलं होतं, सरावाच्या वेळी लक्ष विचलित करणारं काही नको. आमच्या मनात एकदाही आलं नाही की त्यात तारिणी येते. ती किती शहाण्यासारखी बसायची!

बदल कधी सुरू झाला, ते मला सांगता येणार नाही. तिला ताप आला, तर त्याने थर्मामीटर वाचलं, औषधाचा चमचा नीट मोजला आणि म्हणाला, "या वयात येतो ताप." पूर्वी हाच माणूस साध्या शिंकेला उठून बसायचा. पाळणाघरातून तिला आणताना तो दाराशी इतर मुलांच्या जाकिटाच्या चेनसुद्धा लावून द्यायला लागला. बाई म्हणाल्या, किती छान आहेत तुमचे मिस्टर, सगळ्यांना सारखं वागवतात. मला ते कौतुक वाटलं. पण तिला हाक मारताना त्याच्या आवाजाला जो एक ओलावा यायचा, तो येईनासा झाला. "तारू" तेच. आवाज कोरडा, सभ्य. वर्गात हजेरी घेतात तसा.

डिसेंबरात बर्फ पडला. शेजारच्या ऑस्करला आणि तारिणीला घेऊन आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो. ऑस्कर पाच वर्षांचा, दांडगट. तारिणीला मी माझ्यापुढे धरून दोनदा घसरगाडीवरून खाली नेलं. इंद्रजीत पायथ्याशी उभा, मुलांना झेलायला. तिसऱ्या वेळी मी वर चढत असताना ऑस्करने तिला स्वतःच्या गाडीत घेतलं आणि मी ओरडेपर्यंत दोघं निघालेही.

अर्ध्या उतारावर गाडी उलटली. ऑस्कर एका झाडावर आदळला आणि तिथेच पडला. तारिणी घरंगळत पुढे गेली, ओढ्याच्या काठावरचा पातळ बर्फ तडकला आणि ती पाण्यात. कमरेपर्यंत. "बाबा! बाबा!"

इंद्रजीत दोघांच्या मध्ये होता. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग ऑस्करकडे. मी त्याचा चेहरा अगदी स्पष्ट पाहिला. टीव्हीवर मी तो चेहरा आठवड्यागणिक पाहिला होता. शांत. डोळस.

आणि तो ऑस्करकडे गेला.

मी कशी खाली आले मला माहीत नाही. बूट पाण्यात, मी पाण्यात, तिचे ओठ जांभळे, दातावर दात वाजत होते आणि तरी ती माझ्या खांद्यावरून मागे बघून बाबालाच हाक मारत होती. इंद्रजीत गुडघ्यांवर बसून ऑस्करची मान दोन्ही हातांनी स्थिर धरून होता. त्याने वळून पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्याला तडा आहे. तुमच्या मिस्टरांनी मान हलू दिली नाही म्हणून हा मुलगा उद्या चालेल. ऑस्करची आई माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सगळे म्हणत होते, नशीब इंद्रजीत तिथे होता. मी कुणाला काय सांगणार होते?

घरी तारिणीला गोधडीत गुंडाळून सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि मी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"तू तिच्याकडे पाहिलंस," मी म्हटलं.

"पाहिलं. ती रडत होती. रडणारं मूल श्वास घेत असतं. तो रडत नव्हता." त्याने ओले हातमोजे काढले. "निर्णय बरोबर होता, शलाका."

"बरोबर होता."

"दुसरा कुणी बाप असता..."

"दुसरा कुणी बाप असता तर तो आधी मूर्खासारखा ओढ्यात उडी मारून मग ऑस्करकडे धावला असता. किंवा ऑस्करकडे धावता धावता ओरडला असता, शलाका, तारू, तारू! तू ओरडलासुद्धा नाहीस रे!"

तो खुर्चीवर बसला. 

"मला भीती वाटली नाही," तो म्हणाला. "एवढीशीही नाही. ती माझी मुलगी आहे हे मला माहीत होतं. तिचं नाव, वजन, कोणत्या कुशीवर झोपते, सगळं. आणि भीती वाटायला हवी होती, हे मला आत्ता कळतंय. गणितात एखादी पायरी गळल्याचं कळतं ना, तसं."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, पोरगी हाक मारतीय तुला!" तो उठला आणि गेला. बोलावल्यावर जातात तसा.

डॉक्टर फेल्डना फोन लावला. बुधवार, सोफा, मांडी हे ऐकताना पलीकडची पेन्सिलीची टकटक थांबली.

"ती त्यांच्याकडे बघायची?"

"हनुवटी धरून."

"प्रत्येक व्हिडिओत?"

"प्रत्येक," मी म्हटलं.

"मिसेस शेळके," त्या हळूच म्हणाल्या, "टोपीला कळत नाही कोणाचा चेहरा आहे. सगळ्यात मोठी उसळी ज्या चेहऱ्याला, त्यावर ती सगळ्यात जास्त काम करते."

"परत येईल ना?"

"खेळाडूंच्या बाबतीत आलं. मुलीच्या बाबतीत..." आणि त्या शास्त्रज्ञ बाई प्रामाणिक होत्या, म्हणून म्हणाल्या, "मला माहीत नाही."

त्याच दिवशी टोपी खोक्यात बंद झाली. पण पुढचा महिना मी माझ्याच घरात घाबरून राहिले. नवरा रागावत नव्हता, खोटं बोलत नव्हता, भांडी घासत होता, तारिणीला गोष्टी वाचून दाखवत होता. आणि मी आंघोळीला जाताना दार उघडं ठेवत होते. गॅसवर दूध असलं, जिन्याचं फाटक उघडं असलं, की मी मध्ये जाऊन उभी राहायचे. पार्किंगमधल्या माणसापासून पळता आलं असतं. इथे कुणापासून पळू? त्याला ते कळत होतं. मला वाट देऊन बाजूला व्हायचा.

जानेवारीत उपांत्य सामना. इंद्रजीतने लीगला कळवलं की मी साधी टोपी घालणार. ती बातमी फुटली आणि घराच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगाने तान्ह्या बाळाची दुधाची बाटली काढली. पोलिसांची गाडी दारात येऊन उभी राहिली. मी आणि सासूबाई टीव्हीसमोर बसलो, तारिणी जमिनीवर ठोकळे रचत होती.

तिसऱ्या भागात कॉल्टनने चेंडू फेकला आणि त्याच क्षणी समोरच्याने त्याला खांद्याने पाडलं. साफ, नियमातली धडक. कॉल्टन उताणा पडला, आणि त्याची पाठ टेकायच्या आधी पिवळा रुमाल हवेत होता.

मैदान गरजलं. पडद्यावर तीच धडक पुन्हा, सावकाश, तीन बाजूंनी. काही म्हणता काही चूक नव्हती.

"चुकला पोरगा!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"चुकला, आई! चुकला!" मी त्यांना मिठी मारली.

"अगं हसतीस काय? ती माणसं घर जाळतील आपलं!"

जाळू देत, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. त्याचा चेहरा पडद्यावर मोठा दिसत होता, घामाघूम, पांढराफटक, तारू जिन्याजवळ गेल्यावर व्हायचा तसा. वाटेवरचं गवत तुडवलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पोलिसाने गाडीपासून दारापर्यंत सोबत केली. तारिणी धावत सुटली. बर्फाच्या बुटांनी ओल्या झालेल्या फरशीवर तिचा पाय सरकला आणि चपलांच्या फडताळाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. मी जागची हलले नाही. मुद्दाम. 

त्याने खांद्यावरची बॅग उतरवली. भिंतीला टेकवून ठेवली. मग वाकून तिला उचललं, कपाळ पाहिलं.

"लागलं का?" त्याने विचारलं. तो आवाज मी ओळखला. मैदानावर तो कुणालाही असंच विचारतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कडेवर घेऊन तिथेच खाली बसला.

"काल कॉल्टन पडला तेव्हा गोळा आला पोटात," तो म्हणाला. "खरंच आला. विमानात मी आनंदाने रडलो, शलाका. शेजारची बाई विचारत होती, सामना हरलात का. मला वाटलं, आता घरी गेलो की..." तारिणी त्याच्या शर्टाला नाक पुसत होती. "ज्याचं माझं काही नातं नाही, तो परत आला. ही नाही आली."

मी कधी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण त्या दुधाच्या डब्यावरच्या हसऱ्या तोंडाचा मला इतका राग आला, की मी फ्रिजमधला डबा काढून कचऱ्यात टाकला.

"ही झाली, तेव्हा हा गोळा पहिल्यांदा कसा आला होता गं?" त्याने विचारलं. "लगेच?"

मी आठवलं. दवाखान्यात त्याने तिला हातात घेतलं तेव्हा तो छान हसला होता, पण पाहुण्याचं बाळ घेतल्यासारखा. नंतर घरी आल्यावर मी टाक्यांच्या दुखण्याने झोपून असायचे. तिला ढेकर काढायला, लंगोट बदलायला, रडली की फिरवायला तोच असायचा, एकटा. त्यातच कधी तरी तो घाबरायला शिकला.

"नाही," मी म्हटलं. "लगेच नाही. तू एकटा होतास तिच्याबरोबर. मी मध्ये नव्हते."

तो म्हणाला, "मी शिट्टी परत करतो. शाळेतूनही रजा घेतो. पण तू मध्ये उभी राहिलीस, तर घाबरायचं काम तूच करतेस. माझ्यासाठी काही उरत नाही." आणि मान खाली घालून, "तिला माझ्याकडे एकटीला सोडशील?"

मला नाही म्हणायचं होतं. ज्या माणसाने तिला पाण्यात पाहून मान वळवली, त्याच्यापाशी? आणि सोडलं नाही तर तो तसाच राहणार, आमच्या घरातला डोळस पंच, जन्मभर.

पुढच्या सोमवारी सकाळी मी कोट घातला. "मी दुकानात जाऊन येते," असं मोठ्याने म्हटलं, तारिणीला पापा दिला आणि दार ओढून घेतलं. गाडीत बसले. पुढे काही जमेना. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत बसले.

तारिणी तिच्या उंच खुर्चीवर होती, टाळ्या वाजवत. इंद्रजीतने फ्रिजमधून द्राक्षं काढली. वाटीत धुतली. एक मूठभर तिच्यासमोर ठेवायला हात पुढे केला आणि मी गाडीच्या दाराची कडी धरली.

त्याचा हात थांबला. त्याने द्राक्षं परत घेतली, सुरी आणली आणि एकेक उभं कापायला लागला. ते नियमाने होत असेल. पुस्तकात लिहिलेलं असतं, लहान मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये, घशात अडकतं. मी कडी सोडली नाही.

कापलेले अर्धे तुकडे त्याने तिच्या ताटलीत ठेवले. तिने एक उचलून तोंडाकडे नेला. आणि त्याने तो तिच्या बोटांतून काढून घेतला, उजेडात धरून पाहिला, आणि आणखी एकदा कापला. मग बाकीचेही सगळे. ती रागावून ओरडत होती. तो कापत होता. शेवटी ते तुकडे इतके बारीक झाले, की चमच्याने भरवावे लागले असते. एवढं बारीक कापायला कुठलंच पुस्तक सांगत नाही.

मी गाडी सुरू केली आणि कोपऱ्यापर्यंत गेले.